वाचकांचे प्रश्न : युरोपात बसने फिरताना

प्रश्न : व्हिएन्ना ते प्राग आणि प्राग ते बर्लिन अशी दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं होती. पहिली बस वेळेवर सुटली, पण वाटेतल्या कोंडीत अडीच तास अडकली आणि पुढची चुकली. भरपाई मिळेल का?

उत्तर : बहुतेक नाही. युरोपीय संघाचा १८१/२०११ हा नियम तुमच्या बाजूचा वाटतो, पण त्यातला उशीर बस सुटण्याचा आहे, पोहोचण्याचा नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. बस रद्द झाली किंवा १२० मिनिटांहून जास्त उशिरा सुटणार असेल, तर कंपनीने तुम्हाला जादा पैसे न घेता दुसऱ्या बसने वा मार्गाने पोहोचवायचं, नाहीतर तिकिटाचे पैसे परत द्यायचे. यातलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं. कंपनीने विचारलंच नाही, तर परताव्याखेरीज तिकिटाच्या ५० टक्के भरपाई मागता येते. तीन तासांहून मोठ्या प्रवासात सुटायला दीड तासाहून जास्त उशीर झाला, तर खाण्यापिण्याची सोय आणि गरज पडल्यास मुक्काम (रात्रीला ८० युरोपर्यंत, जास्तीत जास्त दोन रात्री) हेही येतं. मुक्काम मात्र वादळ-बर्फामुळे अडकल्यास नाही. हे सगळं २५० किलोमीटर वा त्याहून लांबच्या मार्गांना लागू. अंतर मोजायचं ते बसच्या पूर्ण मार्गाचं, तुम्ही मधेच उतरलात तरी.

तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करा. थांब्यावरच्या फलकाचा, घड्याळ दिसेल असा फोटो तेव्हाच काढून ठेवा.

दोन वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मधे निदान तीन तास ठेवा. दुसरा टप्पा त्या दिवसाच्या शेवटच्या बसचा नको. आणि दोन्ही बस एकाच स्थानकावरून सुटतात हे गृहीत धरू नका.

प्रश्न : एकदाच प्रवेश देणारा शेंगेनचा (आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा) व्हिसा आहे. झाग्रेबहून दुब्रोव्निकला बसने जायला हरकत नाही ना? क्रोएशिया आता शेंगेनमध्येच आहे.

उत्तर : क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आहे, रस्ता मात्र सगळा नाही. जुना किनारी रस्ता नेऊमपाशी काही किलोमीटर बोस्नियातून जातो. त्याने गेलात तर शेंगेनबाहेर पडून परत आत यावं लागेल आणि तुमचा एकमेव प्रवेश वापरून झालेला असेल. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा पूल सुरू झाल्यामुळे हा तुकडा टाळता येतो. तेव्हा बस पुलावरून जाणार की नेऊमवरून, हे तिकीट काढण्याआधी कंपनीला विचाराच.

प्रश्न : रात्रीची बस निर्जन पंपावर पाऊण तास उभी का करतात?

उत्तर : चालकासाठी. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते (ती आधी १५ आणि मग ३० मिनिटं अशी विभागता येते) आणि टॅकोग्राफवर (गाडी कधी चालली, कधी थांबली हे टिपणाऱ्या यंत्रावर) सगळी नोंद होते. ‘जरा लवकर निघू या’ म्हणून उपयोग नाही.

प्रश्न : प्रागमध्ये तिकीट हातात असूनही दंड कसा झाला?

उत्तर : शिक्का मारला नसणार. कागदी तिकीट बसमध्ये चढल्या चढल्या, मेट्रोत खाली उतरण्याआधी यंत्रात घालायचं. मुदत तिथून मोजतात. गाडी बदलल्यावर पुन्हा शिक्का मारू नका, त्याने तिकीट बाद होतं.