न आलेल्या पगारावर तीन हप्ते

मिरजेहून एका नर्सताईंचं पत्र आलंय. वय २९, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला ड्युटी, हातात २४ हजार. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत, त्यांना २८ हजार. मुलगी चार वर्षांची. सासू-सासऱ्यांच्या घरात राहतात त्यामुळे भाडं नाही, महिन्याचा खर्च ३४ हजार. जर्मनीला जायचंय, एजंट साडेतीन लाख मागतोय, त्यातले २५ हजार "सीट बुकिंग" म्हणून देऊन झालेत. घरात ११ तोळे सोनं आणि अडीच लाखांची एफडी. प्रश्न एवढाच की उरलेल्या पैशांसाठी गोल्ड लोन घेऊ की पर्सनल लोन, व्याज कुठे कमी पडेल?

ताई, दोन्ही नको, कारण एजंटला साडेतीन लाख द्यायचेच नाहीयेत. त्यावर खाली लिहितेच. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता एक वाक्य टाकलंय: "तसं टेन्शन नाही, पुण्याजवळ मोशीला ४८ लाखांचा टू बीएचके बुक केलाय, पुढच्या महिन्यात ॲग्रीमेंट आहे, जर्मनीचा पगार चालू झाला की हप्ता सहज निघेल." मला झोप लागू देत नाहीये ते हे वाक्य. एजंटमुळे साडेतीन लाख जातील, फ्लॅटमुळे पुढची दहा वर्षं जातील, म्हणून आधी फ्लॅटचंच बघू.

तुम्ही दिलेले आकडे असे. ४.८ लाख भरले, त्यात मिस्टरांच्या पीएफमधले दोन लाख आणि बाकीचे माहेरचे. बँक ३० लाख देतेय, २० वर्षं, हप्ता २६ हजार. म्हणजे ४८ मधले १८ लाख तुमचे, त्यातले ४.८ गेले, राहिले १३.२. पण फ्लॅट बांधकाम चालू असलेला आहे आणि किंमत ४५ लाखांच्या वर, म्हणजे ५ टक्के जीएसटी, २.४ लाख. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, ३.३ लाखांच्या वर. रजिस्ट्रेशन ३० हजार. हे धरून तुम्हाला अजून १९ लाख उभे करायचेत, कर्ज सोडून! तुमच्याकडे आहे अडीच लाखांची एफडी. या १९ लाखांबद्दल पत्रात एक अक्षर नाही, आणि सेल्सवाल्याने तुमच्यासमोर ही बेरीज एकदाही मांडली नसणार याची मला खात्री आहे. दोघांची कमाई ५२ हजार, खर्च ३४, उरतात १८. हप्ता २६. म्हणजे सगळं ठीकठाक चाललं तरी महिन्याला ८ हजार कमीच, आणि त्यात मुलीच्या शाळेची फी किंवा सासूबाईंची औषधं वाढली तर विचारायलाच नको.

आता तो जर्मनीचा पगार. एजंटने तुम्हाला "महिना तीन लाख" सांगितलंय. हा आकडा कुठून आला तेही सांगते. जर्मनीत मान्यता मिळालेल्या नर्सचा सुरुवातीचा पगार साधारण ३,३०० युरोच्या आसपास असतो, युरो १०० रुपये धरा की झाले तीन लाख तीस हजार. पण तो ग्रॉस, म्हणजे कपातीच्या आधीचा. तिकडच्या पगाराच्या चिठ्ठीवर वर ब्रुटो (हाच ग्रॉस) असतो आणि खाली नेटो (हातात येणारा), आणि मधल्या ओळी बघितल्या की माणूस गप्प होतो: पेन्शन ९.३ टक्के, बेकारी विमा १.३, आरोग्य विमा साडेआठच्या आसपास, केअर विमा दोनच्या जवळ. २१ टक्के तिथेच गेले. मग इन्कम टॅक्स, आणि मिस्टर इथे भारतात असेपर्यंत तो एकट्या माणसासारखा लागतो, क्लास वन. हातात येतात २,२०० च्या आसपास.

आणि हे मान्यता मिळाल्यावर. आपल्या जीएनएमची तिकडे आपोआप नर्स होत नाही. तुमच्या शिक्षणाचे तास त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात, कमी पडलं तर तसा लेखी निकाल देतात, मग एकतर केन्टनिसप्र्युफुंग ही परीक्षा द्यायची, तोंडी आणि प्रत्यक्ष वॉर्डात, नाहीतर काही महिन्यांचा कोर्स करायचा. परीक्षा नापास झालात तर परत बसायची संधी एकदाच. तोपर्यंत तुम्ही हेल्पर म्हणून काम करता आणि पगार हेल्परचा, समजा २,७०० ग्रॉस, हातात १,८५० ते १,९००. हॉस्टेलची किंवा शेअरिंगमधली खोली ५०० युरो, खाणं २५०, देशभर चालणारा बस-रेल्वेचा पास ६० च्या वर, फोन, रेडिओ फी, थंडीचे कपडे, वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट. चांगल्या महिन्यात ८०० युरो उरतील. ८० हजार. मिरजेत दोघांची मिळून जेवढी कमाई आहे त्यापेक्षा हे शिल्लक जास्त आहे, म्हणून जर्मनी ही चुकीची कल्पना नाहीये, जा, नक्की जा. पण तीन लाख नाहीयेत.

तुम्ही म्हणाल ८० हजारांत २६ चा हप्ता निघतोच की. निघतो. पण ते ८० हजार सुरू कधी होणार? तुम्ही लिहिलंय की ए१ चा, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पायरीचा क्लास आत्ताच लावलाय. आयसीयूच्या नाईट करून, लहान मुलगी सांभाळून शून्यापासून बी२ पर्यंत, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत जायला सव्वा ते दीड वर्ष लागतं, त्याहून लवकर म्हणणारा खोटं बोलतोय. बी१ वर व्हिसा होतो, पण मान्यतेला बी२ लागतंच, आणि तिथल्या बऱ्याच राज्यांत वर नर्सिंगच्या भाषेची वेगळी परीक्षा. मग इंटरव्ह्यू, कागदपत्रं, व्हिसा यात सहा-आठ महिने. मग तिकडे हेल्पर म्हणून सहा महिने ते वर्ष. म्हणजे हेल्परचा पहिला पगार आजपासून दोन वर्षांनी आणि नर्सचा पूर्ण पगार अडीच-तीन वर्षांनी, तेही कुठे अडकलं नाही तर. बिल्डर तेवढा थांबणार नाहीये, स्लॅब भरला की पैसे मागणारं डिमांड लेटर येतं आणि बँकेचं व्याज पहिल्या डिस्बर्समेंटपासून चालू होतं.

अजून एक गोष्ट, जिचा विचार तुम्ही दोघांनी केलेला दिसत नाही. तुमचं सगळं पत्र मुलीला तिकडे शिकवायचं याबद्दल आहे. मग मोशीच्या फ्लॅटमध्ये राहणार कोण? मिस्टर आणि मुलगी तिकडे आले की टॅक्सचा क्लास बदलतो, हातात थोडे जास्त येतात, मुलीचे २५० युरोच्या वर किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता मिळतो, हे सगळं खरं, पण खोलीच्या जागी दोन रूमचं घर लागतं, लहान गावात ९०० ते १,१०० आणि म्युनिकसारख्या शहरात त्याहून कितीतरी जास्त. मिस्टरांना जर्मन येऊन नोकरी लागेपर्यंत शिल्लक जवळपास शून्य. नेमका त्याच वेळी पुण्यातला हप्ता २६ हजार आणि भाडं आलंच तर १५-१६.

त्यामुळे माझं म्हणणं स्पष्ट आहे, ॲग्रीमेंट रजिस्टर करू नका, बुकिंग रद्द करा. अलॉटमेंट लेटर काढून बघा. महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नमुन्याप्रमाणे असेल तर कॅन्सलेशनचा तक्ता त्यात छापलेला असतो: १५ दिवसांत काही कापत नाहीत, ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० पर्यंत दीड, त्यानंतर २ टक्के. तुम्हाला तीन महिने झालेत, म्हणजे ४८ लाखांचे २ टक्के, ९६ हजार जातील आणि ३.८ लाखांच्या वर परत येतील. ९६ हजार म्हणजे तुमचा चार महिन्यांचा पगार, मला माहितीय, पोटात खड्डा पडतो. पण ॲग्रीमेंट रजिस्टर झालं की स्टॅम्प ड्युटी भरलेली, बँकेचं कर्ज चालू झालेलं, मग बाहेर पडणं याच्या कितीतरी पट महाग. ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने, दोन्हीने कळवा, फोनवर बोलून सोडून देऊ नका. बिल्डरचा माणूस घरी येईल, "मॅडम तुम्ही एनआरआय होणार, नंतर घर घेता येत नाही" असं परत म्हणेल. येतं. एनआरआयला भारतात राहायचं घर घेता येतं, बँका कर्जही देतात, फक्त शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही.

हेच वाक्य तुम्हाला बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरनेही ऐकवलंय, "एनआरआय झाल्यावर पॉलिसी मिळत नाही, आत्ताच घ्या", आणि एफडी रिन्यू करायला गेलेल्या तुम्हाला ६० हजार वर्षाचा, दहा वर्षं भरायचा "गॅरंटीड इन्कम" प्लॅन चिकटवला. हे धादांत खोटं आहे, एनआरआयला इन्शुरन्स मिळतो. २४ हजार पगाराच्या बाईला वर्षाला ६० हजारांचा प्लॅन विकणाऱ्या माणसाला काय म्हणावं! कव्हर किती, तर सहा लाख. उद्या काही झालं तर मुलीला सहा लाखांत किती वर्षं काढता येतील? परतावा हिशोब केला तर पाच-साडेपाच टक्के, म्हणजे तुमची एफडीच बरी होती. पॉलिसी घेऊन आठ महिने झालेत, ३० दिवसांचा फ्री लुक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत गेली. दुसरा हप्ता भरू नका. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे पूर्ण एक वर्षाचा प्रीमियम भरला असेल तर पहिलं पॉलिसी वर्ष संपल्यावर सरेंडरचे काही पैसे मिळतात, तेव्हा वर्ष पूर्ण झाल्यावर स्पेशल सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मोडल्यावर मिळणारी रक्कम) किती ते लेखी मागा. ६० हजार पूर्ण येणार नाहीत, पण उरलेल्या नऊ हप्त्यांचे ५.४ लाख वाचतात. त्याऐवजी साधा टर्म इन्शुरन्स घ्या, दोघांचा वेगवेगळा, ५० लाखांचा, तुमच्या वयाला वर्षाला सात-आठ हजारांत बसेल.

म्हणजे बघा, तुम्ही अजून जर्मनचे आकडे शिकताय आणि तुमच्या तिकडच्या पगारावर बिल्डरने हप्ता लावला, बँकवाल्याने लावला, एजंटने लावला. तिघांनाही घाई आहे आणि तिघांचाही भाव एकाच न आलेल्या पगारावर ठरलाय.

आता एजंट. जर्मनीत नर्सांची इतकी टंचाई आहे की भरतीचा खर्च मालकाने करायचा ही तिथली चांगली पद्धत आहे. "फेअर अनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड" नावाचा सरकारी शिक्का आहे, तो ज्या एजन्सीला मिळतो तिने नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचे नसतात, यादी नेटवर उघडी आहे. केरळच्या मुली २०२१ च्या करारानंतर नोरका रूट्स या त्यांच्या सरकारी संस्थेमार्फत ट्रिपल विन योजनेतून जातायत, तिकडून जर्मन सरकारची संस्था आणि त्यांचं रोजगार खातं, नर्सकडून फी नाही, भाषेचं शिक्षणही त्यात. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्सही आहेत, त्याची चौकशी जिल्ह्याला करा पण त्याच्या भरवशावर भाषा थांबवू नका. आणि एजंटमार्फतच जायचं असेल तर आपल्याच कायद्याने परवानाधारक भरती एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी घेऊ शकतो. त्याला परवाना नंबर विचारा, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकून बघा. "आम्ही भरती नाही करत, डॉक्युमेंटेशन आणि ट्रेनिंग करतो" असं उत्तर आलं तर समजून जा, आणि त्या २५ हजारांची पावती मागून पैसे परत मागा. नाही मिळाले तरी उरलेले सव्वातीन लाख तरी द्यायचे नाहीत.

पैसे घालायचेत ते भाषेवर. ए१ ते बी२, चांगल्या क्लासची फी आणि परीक्षा धरून सव्वा ते दीड लाख, पण एकदम नाही, लेव्हलप्रमाणे दीड वर्षात. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जमलं तर उत्तम, नाहीतर ऑनलाइन, फक्त परीक्षा गोएथे, टेल्क किंवा ओएसडीचीच द्या, क्लासवाल्याच्या स्वतःच्या सर्टिफिकेटला तिकडे कोणी विचारत नाही. बी१, बी२ ला गोएथेची परीक्षा वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं अशी सुटी सुटी देता येते, एक भाग गेला तर तेवढाच परत. हे एफडीतून निघतं, सोनं बाहेर काढायची गरजच नाही. फ्लॅटचे पैसे परत आले की आधी माहेरचे द्या, उरलेले एक लाख मिस्टरांच्या नावे एफडीत ठेवा, तुम्ही गेल्यावर पहिले तीन-चार महिने घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर चालायचंय. आणि क्लाससाठी नोकरी सोडायचा विचार लिहिलाय तो काढून टाका, आयसीयूचा चालू अनुभव हीच तुमची इंटरव्ह्यूतली सगळ्यात मोठी बाजू आहे, हवं तर नाईट कमी मागून घ्या.

शेवटचं, जर्मन हॉस्पिटलचं ऑफर लेटर येईल तेव्हा त्यात परतफेडीचं कलम असतं का बघा, म्हणजे दोन किंवा तीन वर्षांच्या आत सोडलं तर भाषेचा, विमानाचा खर्च तुम्ही द्यायचा. किती रक्कम, आणि दर महिन्याला ती कमी होत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, हे दोन आकडे सहीच्या आधी लेखी हवेत. ते पान मला पाठवा, जर्मनमध्ये असलं तरी चालेल, वाचून घेऊ.