नव्या आशाताईसाठी

दिघा, तुर्भ्याच्या वस्तीत फिरायला लागलीस की ‘आमच्या बाळाला लस नको’ म्हणणारं घर भेटेलच. त्यांना अडाणी समजू नकोस गं. पुष्कळदा आधीच्या डोसानंतर बाळ रात्रभर तापाने रडलेलं असतं आणि ती भीती मनात बसलेली असते. म्हणून पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, देतानाच (बाळाच्या ६, १०, १४ व्या आठवड्यात) सांग, की ताप येऊ शकतो, मांडी दुखेल, एक-दोन दिवसांत बरं वाटेल, औषध डॉक्टर सांगतील तेवढंच द्या. हे आधी कानावर पडलं असेल तर आई पुढच्या डोसाला येते.

फक्त आईशी बोलून निघू नकोस. निर्णय बऱ्याच घरांत सासूबाईंचा असतो, आणि नाक्यावर कामाला जाणारा बाप बुडणारी मजुरी मोजतो. त्याला लसीकरण सत्राची वेळ आदल्या दिवशीच कळव. गावी निघालेल्यांना बाळाचं लसीकरण कार्ड सोबत न्यायला सांग, तिथल्या सरकारी केंद्रातही लस मोफतच मिळते.

गोवर-रुबेलाचे दोन डोस, ९ महिन्यांनंतर आणि १६ ते २४ महिन्यांत. २०२२ मध्ये भिवंडीत गोवराची साथ आली होती, ती लोकांना आठवते. पण धाक घालू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओवर वाद घालण्यापेक्षा लस पूर्ण झालेल्या बाळाची आई, शेजारीणच, सोबत ने. तरी नकार आला तर पुढच्या आठवड्यात परत जा.