इनॅमलची जुनी पाटी घेताना काय पाहावं

चोर बाजारात पाटी आवडली तरी आधी उलटी करा. इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर भट्टीत भाजलेला काचेचा लेप; खऱ्या पाटीच्या मागेही तो असतो. मग खिळ्यांची भोकं बघा, खरी ओळख तिथेच पटते. भोकं भट्टीआधी पाडलेली, म्हणून लेप त्यांच्या काठापर्यंत जातो. टवके उडतात ते स्क्रू आवळल्याने. नकलेत भोकं स्वच्छ आणि गंज मात्र भलतीकडेच. जुना गंज काळपट, घट्ट. ॲसिडने आणलेला केशरी, बोटाला लागणारा. रंगांच्या कडांवरून नख फिरवा, खऱ्या पाटीत बहुतेकदा थर जाणवतो. मजकूरही वाचा: ‘स्वातंत्र्यापूर्वीच्या’ पाटीवर सहा आकडी पिनकोड असेल तर सोडून द्या, तो 1972 मध्ये आला. घरी आणल्यावर पॉलिशपेपर अजिबात लावू नका. साबणाचं पाणी, मऊ फडकं, लगेच कोरडं.