माप कोण ठरवतं?

प्रश्न: एचटीएमएलच्या वर्गात आम्हाला फ्रेमसेट, म्हणजे एकाच खिडकीचे भाग करून प्रत्येकात वेगळं पान दाखवणारा टॅग, शिकवला. मी डावीकडे 20 टक्के मेन्यू आणि उजवीकडे 80 टक्के मजकूर असं पान केलं. मोठ्या स्क्रीनवर ते छान दिसतं, फोनवर मात्र मेन्यूची अक्षरं कापली जातात. फ्रेमसेट आता बाद झालाय असंही वाचलं. मग शिकलो ते वाया गेलं का? वेब डिझाइन मला जमेल का?

उत्तर: तू पान फोनवर उघडून पाहिलंस, हे मला तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. नवशिके बहुतेक आपल्या स्क्रीनवर पान नीट दिसलं की थांबतात.

फ्रेमसेटबद्दल वाचलंस ते खरं आहे. 1990 च्या दशकात नेटस्केप या ब्राउझर कंपनीने तो आणला, 1997 मध्ये एचटीएमएल 4 ने त्याला मान्यता दिली आणि एचटीएमएल 5 ने तो काढून टाकला. फ्रेममधलं पान बदललं तरी वरचा पत्ता तोच राहतो, त्यामुळे नेमकं पान कुणाला पाठवता येत नाही. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनाही त्याचा त्रास होतो. परीक्षेत विचारला तर लिही, नव्या कामात वापरू नकोस.

आता तुझ्या पानाकडे ये. 360 पिक्सेल रुंदीच्या फोनवर 20 टक्के म्हणजे 72 पिक्सेल. एवढ्यात मेन्यूतला लांब शब्द मावणार कसा? टक्क्यांऐवजी ‘200 आणि तारा’ (तारा, म्हणजे * हे चिन्ह, उरलेली सगळी जागा घेतो) लिहिलं असतंस, तर मेन्यूला 200 मिळाले असते आणि मजकुरासाठी 160 उरले असते. तेवढ्यात मजकूर वाचणंही कठीण. म्हणजे दोष फक्त टॅगचा नाही. कोणत्या भागाचं माप ठरलेलं असावं, उरलेली जागा कोणी घ्यावी आणि दोन रकाने शेजारी ठेवणं कधी थांबवावं, हे आधी ठरवायला हवं. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतल्या ग्रिड या रांगा-रकान्यांच्या मांडणीतही हेच ठरवावं लागतं. तिथे ‘200 पिक्सेल आणि 1 एफआर’ लिहितात, त्या ताऱ्याचं काम एफआर करतो. तुझं शिकणं इथे थेट उपयोगी पडतं. त्यात मीडिया क्वेरीने (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागू होणाऱ्या नियमाने) एवढीच भर घाल, की रुंदी 600 पिक्सेलपेक्षा कमी झाली की मेन्यू वर आणि मजकूर खाली. पानाच्या हेडमध्ये (कोडच्या सुरुवातीच्या भागात) फोनची खरी रुंदी धरायला सांगणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅगही हवा. तो नसेल तर फोन पान रुंद धरून मांडतो, मग लहान करून दाखवतो आणि तुझी क्वेरी लागूच होत नाही.

पुढे दोन ठिकाणी हमखास अडशील. एखाद्या चौकटीला 300 पिक्सेल रुंदी दिलीस, दोन्ही बाजूंना 20 चं पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि 1 ची बॉर्डर (कडेची रेघ) दिलीस, तर ती प्रत्यक्षात 342 पिक्सेल जागा घेते. सीएसएसमधल्या बॉक्स-सायझिंगला ‘बॉर्डर-बॉक्स’ दिलंस की 300 म्हणजे 300 च. दुसरी अडचण उंचीची. बाहेरच्या चौकटीला ठरलेली उंची नसेल, तर आतल्या चौकटीची ‘100 टक्के उंची’ ब्राउझर मानत नाही. साहजिकच आहे, 100 टक्के कशाचे? इथे कोड चुकला असं समजून मुलं तासन्‌तास घालवतात. शक्यतो उंची मजकुरालाच ठरवू दे.

आयफ्रेम, म्हणजे पानात दुसरं पान दाखवणारी चौकट, मात्र अजून वापरात आहे, नकाशा किंवा व्हिडिओ पानात बसवायला. त्याला माप दिलं नाही तर तो 300 बाय 150 पिक्सेलचा होतो, आणि आतला मजकूर वाढला म्हणून आपोआप वाढत नाही. व्हिडिओसाठी रुंदी 100 टक्के आणि आस्पेक्ट-रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) 16/9 दे.

जमेल का, याचा निकाल मी एका पत्रावरून देणार नाही. पण मेन्यू का कापला गेला, हा प्रश्न तुला पडला. फ्रंट-एंडच्या (वापरणाऱ्याला दिसणारी बाजू घडवण्याच्या) कामात दिवसभर असेच प्रश्न सोडवावे लागतात. तयार फ्रेमवर्ककडे (आयत्या कोडच्या संचाकडे) इतक्यात वळू नकोस. हेच पान ग्रिडमध्ये पुन्हा लिही, ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करत जा आणि मांडणी कोणत्या रुंदीला मोडते ते टिपून ठेव. जुनं पान पुसू नकोस. दोन्ही पानं आणि ती टिपणं पोर्टफोलिओत ठेव. मुलाखतीत तुला त्यांच्यावर बराच वेळ बोलता येईल.