फुफ्फुसात शिरलेल्या पेशी मोजताना
ब्लिओमायसिन (फुफ्फुसात आधी दाह आणि मग फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखा घट्टपणा, घडवणारे औषध) दिलेल्या उंदरांवर आपण काम सुरू करत आहात, हे वाचून आनंद झाला. सर्वप्रथम एक गोष्ट पक्की करा: फुफ्फुसात सापडलेली प्रत्येक पांढरी पेशी ऊतीत शिरलेलीच असते असे नाही, कारण रक्त धुऊन काढल्यानंतरही केशवाहिन्यांत बऱ्याच पेशी अडकून राहतात. म्हणून उंदराला मारण्याच्या ३ ते ५ मिनिटे आधी शेपटीच्या शिरेतून सीडी४५ या पांढऱ्या पेशींवरील प्रथिनाला चिकटणारे, फ्लुरोसंट (चमकणारा) रंग जोडलेले प्रतिपिंड द्या. ज्या पेशींना तो रंग लागेल, त्या रक्तातल्याच समजा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- पहिल्या आठवड्यातील दाहालाच फायब्रोसिस समजतात. कोलॅजनचा (व्रणातील तंतुमय प्रथिनाचा) साठा १४ ते २१ दिवसांच्या सुमारास नीट दिसतो.
- केवळ टक्केवारी मांडतात, पेशींची एकूण संख्या देत नाहीत.

सिंगल-सेल सिक्वेन्सिंगचा (एकेका पेशीतील जनुकांची क्रिया वाचण्याच्या तंत्राचा) मोह तूर्त टाळा.