बाबांना सीपॅप मशीन रोज लावायची सवय कशी लावू? स्लीप अॅप्निया आणि बीपी दोन्ही आहे, रत्नागिरीजवळ गावी असतात

आधी मास्क बघा हो. सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, ते कपाटात जातं ते बहुतेक वेळा मास्कपायीच. नाकावर वळ उठतोय, डोळ्यांवर हवा येतेय म्हणजे साईज चुकलीय नाहीतर पट्टे फार आवळलेत, आणि झुबकेदार मिशी असेल तर हवा गळणारच, मग नेजल पिलो (नाकपुड्यांना लागून बसणारा छोटा मास्क) ट्राय करा, पण तोंड उघडं टाकून झोपत असतील तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्कच लागेल. सुरुवातीला संध्याकाळी टीव्हीसमोर बसून लावू देत, मशीनमधलं रॅम्प सेटिंग ऑन ठेवा म्हणजे हवेचं प्रेशर हळूहळू चढतं.

आपल्याकडे खरा घोळ पावसात. लाईट गेली की मास्क काढावा लागतो, म्हणून इन्व्हर्टर हवाच. जुलैत हवा आधीच एवढी दमट, मशीनचा ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारा भाग) जास्त ठेवला की नळीत पाणी साचून रात्रभर गुडगुडतं, तो कमी करा, इन्व्हर्टरही जास्त टिकतो. त्याच्या टाकीत विहिरीचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर घाला. मास्कचं कुशन रोज साबणाच्या पाण्याने धुवा, ओलं ठेवलंत तर बुरशी धरते.

बीपीचं म्हणाल तर श्वास अडकला की ऑक्सिजन उतरतो, शरीर दचकतं आणि बीपी चढतं. मशीनने ते सरासरी २-३ पॉईंटच उतरतं, तीन-तीन गोळ्यांनी न ऐकणाऱ्या बीपीत थोडं जास्त, तेही रोज रात्री निदान ४ तास लावलं तर, खरं तर पूर्ण झोपभर लावायचं असतं. मशीन आलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करणारे महाभाग असतात, तसलं काही करू देऊ नका, डोस डॉक्टरच ठरवतील.