कर्माचं फळ रोजच्या आयुष्यात खरंच मिळतं का?

भाऊ, मले विचाराल तर अर्धं खरं. आमच्या गल्लीतला किराणावाला मापात मारायचा, गिऱ्हाईक हळूहळू दुसरीकडे सरकलं, आता दुपारभर माश्या मारत बसते, हे झालं कर्म, याच्यात जादू काही नाही, लोकं एकमेकांशी बोलतात न. पण मे महिन्यात ४५ डिग्रीत सायकलरिक्षावाल्याले ऊन लागलं तर ते कोणत्या जन्माचं पाप म्हणाचं? संयुत्त निकाय या जुन्या बौद्ध ग्रंथात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, बुद्धाले हेच विचारते, की सगळं सुखदुःख मागच्या कर्मामुळंच होते असं म्हणणारे लोक बरोबर आहेत का, तर बुद्ध नाही म्हणतात अन् ८ कारणं सांगतात, पित्त, कफ, वात, ऋतू बदलणं, मार लागणं वगैरे, कर्म त्याच्यातलं फक्त एक अन् तेही शेवटचं. १९५६ मध्ये इथंच दीक्षाभूमीवर धम्म घेणाऱ्या बाबासाहेबांनाही मागच्या जन्माचं कर्म पटत नव्हतं, कारण गरिबी त्याच्यावर ढकलली की समाज अन् सरकार दोघंही सुटतात. आमची आजी मात्र अजूनही मले ठेच लागली की म्हणते, "कोणाचं मन दुखवून आला बे?"